पेटीचा मुका झालेला किंवा अडकलेला सूर: निदान आणि घरगुती दुरुस्ती

पेटीचा (हार्मोनियमचा) एखादा सूर वाजेनासा झाला, उशिरा बोलू लागला किंवा पट्टी सोडल्यावरही वाजत राहिला, की बहुतेकांचे पहिले अनुमान असते की रीड खराब झाली. प्रत्यक्षात रीड तुटण्याचे किंवा कायमची निकामी होण्याचे प्रमाण कमी असते. धुळीचा कण, लाकडाचा भुसा, कापडाचा धागा, सैल झालेला स्क्रू, फुगलेली पट्टी किंवा जागेवरून सरकलेली स्प्रिंग यांपैकी काहीतरी कारण बहुधा निघते. म्हणून या दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा: आधी दोष कुठे आहे ते पेटी न उघडता शोधावे, मग नुसती सफाई करावी, त्यानंतर गरज असेल तरच जिभेच्या उंचीला हात लावावा, आणि कानस किंवा ब्लेड शक्यतो पेटीकाराच्याच हाती राहू द्यावे. सफाई चुकली तर ती पुन्हा करता येते, पण पितळ एकदा खरवडले की ते परत येत नाही.

खाली जे लिहिले आहे ते हाताने भाता मारून वाजवण्याच्या, आपल्या घराघरांत आणि भजनी मंडळांत असणाऱ्या साध्या पेटीविषयी आहे. स्केलचेंजर (सगळ्या पट्ट्या रीडवरून डावी-उजवीकडे सरकवण्याची सोय) आणि कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दाबणारी सोय) असलेल्या पेटीलाही त्यातला बराचसा भाग लागू पडतो. मात्र तिची यंत्रणा गुंतागुंतीची असल्याने ती घरी किती खोलावी याला मर्यादा आहे.

रीड कशी बोलते

रीड म्हणजे पितळेची एक चपटी, लांबट चौकट. तिच्यात एक अरुंद खाच पाडलेली असते आणि त्या खाचेवर पितळेचीच पातळ जीभ एका टोकाला रिव्हेटने घट्ट बसवलेली असते. जिभेचे दुसरे टोक मोकळे आणि चौकटीच्या पातळीपासून किंचित उचललेले असते. पट्टी दाबली की तिचे मागचे टोक वर उचलले जाते, त्याखालची चामडी गादी फळीतल्या भोकावरून सुटते आणि भात्याने कोंडलेली हवा त्या भोकाकडे धावते. वाटेत तिला उचललेल्या जिभेखालच्या फटीतून जावे लागते. त्या प्रवाहाने जीभ खाचेत ओढली जाते, स्वतःच्या लवचीकपणामुळे परत येते आणि पुन्हा ओढली जाते. पांढरी सहाची मधल्या सप्तकातली रीड ४४० हर्ट्झला लावलेली असेल, तर हे येणे-जाणे सेकंदाला ४४० वेळा घडत असते.

जीभ खाचेतून आरपार ये-जा करते, पण तिच्या कडा चौकटीला कुठेही शिवत नाहीत. दोन्ही बाजूंची फट लिहिण्याच्या साध्या कागदाच्या जाडीपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही, कमी असते. डोळ्याला जेमतेम दिसणारा धागा तिथे अडकला तरी जीभ थबकते हे त्यामुळे लक्षात येईल. वरच्या सप्तकातल्या रीड लहान आणि पातळ असल्याने त्या अशा कणांना सर्वांत आधी बळी पडतात. खर्जाच्या जाड आणि लांब जिभा तोच कण झटकून टाकतात किंवा नुसत्या खरखरतात.

पेटी न उघडता करायची तपासणी

या टप्प्यावर दिलेला वेळ पुढे सर्वाधिक उपयोगी पडतो, आणि हाच टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो.

प्रथम कपलर असल्यास तो बंद करावा आणि स्केलचेंजर असल्यास पट्ट्या मूळ जागेवर आणाव्यात, नाहीतर जी पट्टी दाबली जात आहे तिच्याऐवजी भलत्याच रीडवर संशय जातो. मग स्टॉपर, म्हणजे रीडच्या एकेका ओळीला हवा सोडणाऱ्या खुंट्या, एकेक करून उघडावेत. दुहेरी रीडच्या पेटीत बहुधा एक ओळ खर्जाची (खालच्या सप्तकाची) आणि एक नराची (मधल्या सप्तकाची) असते, किंवा दोन्ही नराच्या असतात. तिहेरी पेटीत बहुधा मादीची (वरच्या सप्तकाची) ओळ वाढते. एका वेळी एकाच ओळीला हवा देऊन संशयित पट्टी दाबून पाहावी. सूर एका ओळीत वाजतो आणि दुसऱ्या ओळीत वाजत नाही असे आढळले, तर पट्टी आणि गादी ठीक आहेत आणि दोष त्या दुसऱ्या ओळीतल्या रीडमध्ये किंवा तिच्या भोकात आहे. दोन्ही ओळींत तो मुका असेल, तर दोन रीड एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता फारच थोडी. अशा वेळी पट्टी पूर्ण दबते का, तिचे मागचे टोक खरोखर उचलले जाते का, गादी पट्टीपासून निखळून भोकावरच पडून राहिली आहे का, हे पाहावे. ओळीतले सगळेच सूर गप्प असतील तर प्रश्न स्टॉपरच्या दांडीचा किंवा तिने उघडणाऱ्या झडपेचा आहे, आणि सगळेच सूर मलूल वाटत असतील तर भात्याचा. भात्याची परीक्षा सोपी आहे: सर्व स्टॉपर बंद करून आतला भाता हवेने भरावा, तो काही क्षणांतच बसला तर हवा कुठेतरी निसटत आहे, आणि त्या परिस्थितीत रीडवर केलेली मेहनत वाया जाईल.

दोष एकाच रीडचा आहे असे ठरल्यावर भात्याचा दाब बदलून पाहावा. हलक्या हवेवर सूर बोलतो आणि जोराने भाता मारला की दबून बंद पडतो, तर जिभेचे टोक फार खाली बसलेले आहे. उलट हलक्या हवेवर नुसता फुसफुस आवाज येतो आणि जोर लावल्यावर सूर उशिरा उमटतो, तर टोक गरजेपेक्षा जास्त उचललेले आहे. कोणत्याही दाबाला सूर उमटत नाही आणि हवा जाण्याचा आवाज मात्र येतो, तर जीभ कशात तरी अडकली आहे किंवा तुटली आहे. हवा जाण्याचाही आवाज नसेल, तर भोकच बुजलेले असण्याचा संभव आहे. कुंभारमाशीने मातीने लिंपलेले भोक बऱ्याच काळ न वाजवलेल्या पेटीत सापडू शकते. पेटीच्या बाजूला तळहाताने हलकी थाप दिल्यावर सूर क्षणभर परतला, तर कारण जवळजवळ निश्चितपणे कचरा हेच आहे.

या वेळी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवावी. शेजारच्या सप्तकातला तोच सूर आणि दुसऱ्या ओळीतला त्याचा जोडीदार यांचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास दुरुस्तीनंतर सूर मिळवून पाहणे सोपे जाते.

उघडणे

साहित्य मोजकेच लागते: स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा लहान स्क्रूड्रायव्हर, मऊ केसांचा कोरडा कुंचला, बारीक चिमटा, भिंग, टॉर्च, पातळ पण चिवट कागदाच्या पट्ट्या आणि स्क्रू ठेवायला एक वाटी. तेल या यादीत नाही आणि ते असूही नये. पट्टी अडकते म्हणून तेल सोडले की ते लाकडात मुरते, चामडे मऊ व चिकट होते आणि पुढे येणारी सगळी धूळ तिथेच चिकटून बसते. गंज सोडवण्याचे फवारेही याच कारणाने वर्ज्य समजावेत.

भात्यातली हवा पूर्ण काढून टाकावी, वरचे झाकण आणि जाळी काढावी आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र घ्यावे. पट्ट्यांचा सांगाडा ज्या फळीवर बसवलेला असतो तिच्याच खालच्या अंगाला रीड स्क्रूंनी जडवलेल्या असतात. ही फळी खोक्याला कुठे हुकांनी, तर कुठे स्क्रूंनी जखडलेली असते. प्रत्येक कारखान्याची पद्धत निराळी असल्याने घाईने ओढण्याऐवजी ती कशाने धरली आहे ते सर्व बाजूंनी पाहावे. फळी सुटत नसेल तर एखादा स्क्रू राहिला आहे असेच समजावे. ती उचलताना फळी आणि खोके यांच्यामध्ये असलेली चामड्याची किंवा मऊ कापडाची पट्टी फाटणार नाही याची काळजी घ्यावी, कारण जोडणी करताना हवा रोखण्याचे काम तीच करते. उचललेली फळी पट्ट्यांवर आडवी टाकू नये. दोन्ही टोकांना पुस्तकांचा किंवा लाकडी ठोकळ्यांचा आधार देऊन रीडची बाजू वर करून ठेवावी.

आता मुकी रीड शोधायची. डावीकडून उजवीकडे मोजताना फळी उलटी धरली आहे हे विसरले जाते आणि आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे विरुद्ध टोकाची रीड हाती लागते. संशयित पट्टी दाबून धरावी आणि तिच्या भोकातून टॉर्चचा प्रकाश कुठे दिसतो ते पाहावे. त्यावरून नेमकी रीड सापडते.

सफाई

जीभ आधी भिंगातून पाहावी. धागा किंवा भुशाचा कण दिसला तर चिमट्याने उचलावा आणि कुंचला रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडे फिरवावा. उलट दिशेने फिरवल्यास कुंचल्याचा केस जिभेखाली शिरून ती वर वाकवू शकतो. काही दिसत नसेल तरी कागदाच्या पट्टीचा प्रयोग करावा: जिभेचे मोकळे टोक नखाने अगदी थोडे उचलून पट्टी आडवी आत सरकवावी, जीभ तिच्यावर अलगद टेकू द्यावी आणि पट्टी रिव्हेटच्या बाजूकडून टोकाकडे ओढत बाहेर काढावी. जिभेच्या दोन्ही कडांशी आणि चौकटीच्या काठांशी साचलेली बारीक धूळ पट्टीबरोबर निघून येते. हे दोन-तीनदा केल्यावर सुईच्या पाठीमागच्या बोथट टोकाने जीभ हलकेच छेडावी. मोकळी जीभ स्वच्छ, थोडा वेळ टिकणारा आवाज देते. अडकलेली किंवा तडा गेलेली जीभ ठक असा मेलेला आवाज देते.

तोंडाने फुंकर मारून रीड साफ करण्याची किंवा वाजवून पाहण्याची सवय अनेकांना असते. श्वासातली वाफ पितळेवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि कालांतराने हिरवट कळंक चढतो. छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ उडवण्यासाठी जो रबरी फुगा वापरतात तो इथे उत्तम. व्हॅक्यूम क्लीनर लावायचाच असेल तर तो रीडपासून बराच दूर धरून फळीवरच्या सुट्या धुळीपुरता वापरावा. कळंक आधीच चढलेला असेल तर देवाची भांडी लखलखीत करण्याचे आपले सगळे उपाय, म्हणजे चिंच, लिंबू किंवा घासण्याची पावडर, कटाक्षाने टाळावेत. आम्ल खाचेत राहून पितळ खात राहते आणि पावडरचे कण फटीत रुतून बसतात. फळीवरून सुटी केलेली रीड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसून पूर्ण वाळू द्यावी. एवढ्याने जो कळंक जात नाही तो तसाच राहिला तरी चालतो, कारण त्यासह सूर जसा आहे तसा लावलेला असतो.

रीड सुटी करण्याची वेळ आलीच तर जुने, गंजलेले स्क्रू सावधपणे सोडवावेत. स्क्रू आधी अगदी थोडा आवळून मग उलटा फिरवला की गंजाची पकड सुटते आणि माथा मोडत नाही. रीडखाली कागदाचा किंवा पातळ चामड्याचा थर असेल तर तो त्याच जागी, त्याच बाजूने परत जायला हवा.

स्क्रूच्या आवळण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. सैल स्क्रूमुळे रीडच्या कडेने हवा निसटते, सूर मंद होतो आणि कंपनाबरोबर चौकट खुळखुळते. हा आवाज ऐकून जीभ घासते आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. याउलट स्क्रू सर्व ताकदीने पिळला तर चौकट फळीच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकते, खाच किंचित आवळली जाते आणि निरोगी जीभही कडांना घासू लागते. सफाईनंतर रीड बसवली आणि पूर्वी न होणारी खरखर सुरू झाली, तर जिभेला हात लावण्यापूर्वी दोन्ही स्क्रू पाव फेरा सैल करून पाहावेत. स्क्रूचे भोकच मोठे होऊन तो फिरत राहत असेल, तर आगकाडीचा पातळ तुकडा आणि थोडा फेव्हिकॉल भोकात घालून, तो पूर्ण वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवावा. गोंद रीडच्या बाजूला ओघळता कामा नये.

जिभेची उंची आणि कडेची घासण

सफाई करूनही सूर बोलत नसेल तर जिभेच्या टोकाची उंची तपासावी. चौकट डोळ्याच्या पातळीवर आडवी धरून उजेडाकडे पाहिले की टोक आणि चौकट यांमधले अंतर दिसते. ढोबळ नियम असा की टोकापाशी जिभेची जितकी जाडी आहे साधारण तितकेच हे अंतर असावे. म्हणून खर्जाकडे ते मोठे आणि वरच्या सुरांकडे केसाएवढे असते. आकड्यांपेक्षा शेजारच्या, नीट वाजणाऱ्या रीडशी तुलना करणे अधिक भरवशाचे.

टोक खाली बसले असेल तर सुटी केलेली रीड उलटी करून, खाचेच्या मागच्या बाजूने गुळगुळीत लाकडी काडीने जीभ हळूच वर ढकलावी. टोक फार वर असेल तर समोरून काडीनेच दाबावे. दाब जिभेच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत विभागून द्यावा, म्हणजे तिला सलग, हलकी वळणदार रेषा मिळते. रिव्हेटच्या अगदी जवळ जोर दिला तर तिथे कोन पडतो, आणि तडा पुढे त्याच ठिकाणी जातो. प्रत्येक वेळी अगदी थोडा बदल करून रीड फळीवर लावून वाजवून पाहणे कंटाळवाणे असले तरी दुसरा मार्ग नाही. एकाच सुरासाठी फळी चार वेळा काढावी-घालावी लागली तर त्यात वावगे काही नाही.

जीभ एका कडेला घासत असेल तर खाचेतून उजेडाकडे पाहिल्यावर एका बाजूची प्रकाशरेषा जाड आणि दुसऱ्या बाजूची नाहीशी झालेली दिसते. जीभ रिव्हेटभोवती किंचित फिरली असा याचा अर्थ. ती मुळापाशी धरून केसभर सरकवता येते, पण त्यासाठी हात सरावाचा हवा. रिव्हेट सैल असेल तर सरकवलेली जीभ दोन दिवसांत पुन्हा फिरते आणि रिव्हेट ठोकून घट्ट करण्याचे काम पेटीकाराचेच आहे. माझ्या मते ज्याने या आधी निदान एखाद्या टाकाऊ रीडवर हात साफ केलेला नाही, त्याने चांगल्या पेटीतल्या रीडवर हा प्रयोग करू नये. जुनी, भंगारातली रीड पेटीकाराकडे मागितली तर सहसा मिळते.

मुळापाशी आडवी बारीक रेघ दिसली, छेडल्यावर आवाज मेलेला आला आणि सूर अचानक बराच उतरला असेल, तर तो तडा आहे. त्यावर डाग देणे, चिकटवणे असे काहीही टिकत नाही. ती रीड बदलावी लागते.

वाजतच राहणारा सूर आणि न उठणारी पट्टी

हा दोष रीडचा जवळजवळ कधीच नसतो. पट्टी सोडल्यावर गादी भोकावर पूर्ण टेकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गादी आणि फळी यांमध्ये एखादा कण अडकला असेल तर पट्टी थोडी उचलून कागदाची पट्टी खालून ओढल्यावर काम भागते. चामड्याला कसर लागली असेल, ते आकसून कडक झाले असेल किंवा त्यावर भोकाची खोल वर्तुळाकार खूण उमटली असेल, तर गादी बदलणे हाच उपाय. स्प्रिंगची तार खाचेतून निसटली असल्यास ती चिमट्याने जागी बसवावी; तिचा जोर कमी झाला असेल तर शेजारच्या पट्टीइतका होईल एवढीच ती वाकवावी. जास्त वाकवल्यास ती एक पट्टी बोटाला जड लागते आणि जलद तानांच्या वेळी हात तिथे अडखळतो. कपलरच्या पेटीत एका पट्टीची तार दुसरीला अडकून राहिल्यामुळेही सूर चालू राहतो, म्हणून कपलर बंद करून तपासणी करण्याची सूचना आधी केली आहे.

पावसाळ्यात कोकण, गोवा आणि मुंबईच्या बाजूला पट्ट्या अडकण्याच्या तक्रारी वाढतात. लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगते आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांमधली मुळातच थोडी असलेली फट बुजते. अशा वेळी पट्टी काढून पॉलिश पेपरने घासण्याचा मोह आवरावा. जुलैमध्ये घासून मोकळी केलेली पट्टी डिसेंबरच्या कोरड्या हवेत सैल होते, डुलते आणि खडखडते. त्यापेक्षा पेटी काही दिवस कोरड्या खोलीत, उन्हात न ठेवता, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून ठेवावी; बहुतेक पट्ट्या आपोआप सुटतात. तरीही एखादी अडकलीच तर ती कुठे घासते ते पत्त्याचे पान दोन पट्ट्यांमध्ये सरकवून शोधावे आणि त्या जागी मऊ पेन्सिलीचे शिसे घासावे. मार्गदर्शक खिळा गंजलेला असेल तर तो कोरड्या पॉलिश पेपरने साफ करून त्यावरही शिसेच लावावे. हिवाळा सरेपर्यंत, म्हणजे सगळ्या ऋतूंत, तीच पट्टी तिथेच घासत राहिली तरच लाकूड काढण्याचा विचार करावा.

सूर मिळवणे

साफ केलेल्या किंवा उंची बदललेल्या रीडचा सूर किंचित बदललेला असू शकतो. मोबाइलवरचे ट्यूनर इथे अर्धेच उपयोगी पडते. पेटी समान अंतराच्या सप्तकाला लावलेली असेल तर ट्यूनरचा काटा खरे सांगतो. पण गायकाच्या षड्जाला धरून गंधार ट्यूनिंग केलेल्या पेटीत काही सूर ट्यूनरच्या हिशेबाने मुद्दाम खाली-वर ठेवलेले असतात, आणि ते ‘दुरुस्त’ केले तर पेटी बिघडते. म्हणून आधी मुद्रित केलेला जोडीदार आणि वरच्या-खालच्या सप्तकातला तोच सूर हीच खरी कसोटी. दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाजात संथ डोल ऐकू आला तर तेवढा फरक आहे; डोल जितका जलद, तितका फरक अधिक.

तत्त्व असे आहे की जिभेच्या मोकळ्या टोकाजवळचे पितळ खरवडले तर वजन घटून सूर चढतो, आणि मुळाजवळचे खरवडले तर जीभ लेची पडून सूर उतरतो. खरवडण्यापूर्वी जिभेखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवून आधार द्यावा लागतो, आणि दोन-चार हलक्या हातांनंतर थांबून, पितळ थंड होऊ देऊन, रीड जागेवर लावून ऐकावे लागते. बाहेर धरून वाजवलेली रीड आणि पेटीत बसवलेली रीड यांचा सूर एक येत नाही. डोल अगदी संथ असेल तर तो सोडून द्यावा. केवळ ट्यूनरचा काटा मध्यावर यावा म्हणून पितळ घालवण्यात शहाणपण नाही.

कार्यक्रम तोंडावर असेल तर

कीर्तन किंवा मैफल तासाभरावर असताना पेटी उघडू नये. एका ओळीतली रीड मुकी असेल तर त्या ओळीचा स्टॉपर बंद करून दुसऱ्या ओळीवर वाजवावे. स्केलचेंजर असेल आणि गायकाला षड्ज तेवढाच वर-खाली घेणे चालत असेल, तर पट्ट्या एक-दोन घरे सरकवून बिघडलेला सूर गाण्यात न लागणाऱ्या जागी नेता येतो. वाजतच राहणारा सूर बंद करण्यासाठी झाकण काढून त्या पट्टीचे मागचे टोक दाबून पाहावे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर पुठ्ठ्याची घडी वरून ठासून ती पट्टी त्या दिवसापुरती बंद करावी.

ही पद्धत कुठे लागू पडत नाही

संगीत नाटकांच्या साथीला असणारा पायाचा ऑर्गन दिसायला पेटीचा थोरला भाऊ वाटला तरी त्यात भाता हवा ढकलत नाही, ओढतो. त्यामुळे रीडची बाजू उलटी असते, आणि रीड स्क्रूंऐवजी लाकडी खणांत सरकवलेल्या असून खास आकड्याने ओढून काढाव्या लागतात. कॉन्सर्टिनातही रीडच्या चौकटी लाकडातल्या तिरप्या कडांच्या खाचांत सरकवलेल्या असतात; ओलाव्याने ते लाकूड फुगून चौकट आवळली जाते किंवा उन्हाळ्यात आकसून ती सैल होते. सैल चौकटीच्या कडेला कागदाची पातळ पट्टी घालणे तिथे पुरेसे ठरते. अ‍ॅकॉर्डियनच्या रीड मेणाने चिकटवलेल्या असतात, प्रत्येक पट्टिकेवर दोन विरुद्ध दिशांच्या जिभा असतात आणि न वाजणाऱ्या जिभेची खाच झाकायला चामड्याची किंवा प्लास्टिकची झडप असते. तिथे सूर न बोलण्याचे कारण ती वाकलेली झडप असू शकते. कॉन्सर्टिना आणि अ‍ॅकॉर्डियन या दोन वाद्यांत पितळी जिभेऐवजी पोलादी जीभही आढळते, विशेषतः अ‍ॅकॉर्डियनमध्ये, आणि तिला गंज चढतो.

नवी रीड घेताना

तुटलेली रीड फेकून देऊ नये. गुजरातमधील पालिताणा हे गाव रीड बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या रीड वाद्यांच्या दुकानांतून मिळतात; पण जुन्या पेटीत जर्मन किंवा फ्रेंच रीड असतील तर त्यांची चौकट, जिभेची जाडी आणि आवाजाचा पोत निराळा असतो, आणि ओळीत मध्येच बसवलेली वेगळ्या जातीची रीड सुरात असूनही कानाला परकी वाटते. म्हणून तुटलेली रीड, तिच्या लगतची एक चांगली रीड आणि पेटीच्या आतल्या भागाची छायाचित्रे घेऊन पेटीकाराकडे जावे. रीड कोणत्या ओळीतली, कोणत्या सप्तकातली आणि कोणत्या पट्टीची हे कागदावर लिहून न्यावे, आणि पेटीचे ट्यूनिंग समान सप्तकाचे आहे की गंधार पद्धतीचे हेही सांगावे. जागा भरेपर्यंत फळीतले ते भोक खालून जाड कागदाने झाकून, स्क्रूंऐवजी कागदी चिकटपट्टीने बंद केले, तर उरलेली पेटी हवा न गळता वाजवता येते.